काटा

पुस्तक भरलं आठशे चाळीस ग्रॅम.
स्वयंपाकघरातल्या काट्यावर, पिठाची बशी काढून.
सवयच ती. सदतीस वर्षं टपाल कचेरीत गेली,
वस्तू हातात आली की आधी वजन.
मजकूर आमचा नव्हेच.

लेइदा पिहलाकासचं चरित्र.
लिहिणारा राइवो कूस्कमान, तार्तूचा, भला माणूस.
माझ्याकडे दोन तास बसून गेला होता,
बूट दाराबाहेर काढून, वेलदोड्याचा पाव खात.
आभारांच्या यादीत मी तळाला आहे:
हेल्वे एम., टपालवाटप, सारेमा बेट.

पान दोनशे बारा.
स्वीडनला पळालेल्या धाकट्या बहिणीला
लेइदानं अकरा वर्षांत एक ओळ पाठवली नाही.
इथल्या दप्तरात पत्र नाही, बहिणीच्या पेटीत पत्र नाही,
म्हणून तो लिहितो:
जिला साऱ्या देशाचं दुःख पेललं
तिला एका माणसाची आठवण झेपली नाही.
वाक्य चांगलं आहे.
वाक्य इतकं चांगलं असलं
की पुरावा चार ग्रॅम कमी भरला तरी खपतो.

मी ती पाकिटं तोललेली आहेत.
महिन्याच्या पहिल्या मंगळवारी ती यायची,
सायकल भिंतीला टेकवून, ओल्या लोकरीचा वास घेऊन.
रिकामं पाकीट चार, एक कागद पाच,
तिचं कायम नऊ.
एका नोव्हेंबरात अकरा भरलं.
आत जुनिपरची काडी होती,
कागदातून माझ्या बोटाला टोचली.

आणि पान तीनशे सहा.
नवरा गेल्याची तार आली त्या रात्री
ती खिडकीशी जागत बसली असावी, म्हणतो.
असावी.
तार मीच नेली होती. तिनं वाचली,
टेबलावर उपडी ठेवली, आणि विचारलं
रीगाला पार्सल पाठवायला किती पडतील.
पुरायलासुद्धा गेली नाही.
एंडेल वाईट नव्हता हो,
होड्यांना डांबर लावायचा, शिटी वाजवायचा.

म्हणजे गुन्हा होता तिथं माफी,
नव्हता तिथं शिक्षा.
बेरीज जुळते म्हणा,
आतल्या रकमा तेवढ्या चुकल्या.

शेजारची माइरे म्हणते, लिही त्याला. अन्याय आहे हा.
आहेच.
पण काट्याचा पहिला नियम असा
की आधी रिकामं पारडं शून्यावर आहे का ते बघायचं.

ती पाकिटं मी पोत्यात टाकली नाहीत.
मागच्या खोलीत नेली, हिरव्या दाराच्या.
तिथल्या माणसाला दहा वाजता चहा लागायचा
आणि स्वीडनचं टपाल.
तिथून काही बाहेर आलेलं मी पाहिलं नाही.
विचारलंही नाही.
तिच्याकडून तिकिटाचे पैसे घेतले,
सुट्टे मोजून परत दिले,
एकशे एकतीस वेळा.
एका फेब्रुवारीत ती आजारी होती.

कूस्कमाननं नेमकं हेच विचारलं होतं,
वहीवर पेन टेकवून: पत्रं जायची का हो?
मी म्हटलं, कॉफी आणखी घ्या.
तेव्हा दोनशे बारावरचं ते वाक्य
दोघांनी मिळून लिहिलंय.
एकाच्या नावावर छापलंय.

काल रात्री तीन कागद लिहिले.
खाडाखोड फार झाली, हिरव्या दारापाशी येऊन
हात दोनदा थांबला, एकदा तर चक्क
हवामानाबद्दल लिहायला लागले.
पाकिटासकट एकोणीस ग्रॅम.
गावात आता कचेरी नाही,
दुकानाबाहेर लोखंडी कपाट आहे, आकडे दाबायचे.
त्याला काटा नाही. काहीही घेतं.

सकाळी कुंपणाची एक काडी तोडली,
घडीत सरकवली, पुन्हा तोललं.
एकवीस.
पाकीट पिठाच्या डब्याला टेकून उभं आहे.
मंगळवार उद्या.